‘बसत नाही’ म्हणजे नक्की काय?

गेल्या अंकात हृदयप्रत्यारोपणाच्या यादीवर असलेल्या एका पेशंटचा मी दोन ओळींत उल्लेख केला आणि या महिन्यात टपालाने माझं टेबल भरून गेलं. बहुतेक पत्रांत एकच शब्द आहे : ‘बसत नाही’, म्हणजे प्रत्यारोपणाच्या यादीत. ‘बाबांची केस बसत नाही म्हणाले’, ‘आमची वहिनी बसत नाही म्हणे’. जसं काही माणसाचं माप शिंप्याने चुकीचं घेतलंय. म्हणून यावेळचा सगळा सवाल-जवाब याच विषयाला देते.

नव्या वाचकांसाठी आधी एक कबुली. मी डॉक्टर नाही. नागपुरात मेडिकल सोशल वर्कर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीच्या आधीची काही वर्षं प्रत्यारोपणाच्या निवड समितीत बसले. डॉक्टर मंडळी हृदय, फुप्फुस, किडनी बघायची. घर बघायचं काम माझ्याकडे होतं. खाली आलेले आकडे त्या बैठकांमध्ये कायम बोलले जाणारे आहेत, पण तुमच्या माणसाचा निर्णय त्याची फाइल हातात असलेली टीमच करेल.

एक भगिनी, मानेवाडा : ताई, माझे मिस्टर ४३ वर्षांचे. बुटीबोरीला कंपनीत सुपरवायझर आहेत. तीन वर्षांपूर्वी हृदय मोठं झालंय, स्नायू थकलेत असं निदान झालं. आता अर्धा जिना चढला की बसावं लागतं, रात्री तीन उश्या लागतात. या वर्षात चारदा ॲडमिट झाले. सगळ्या तपासण्या झाल्यावर सांगितलं, ‘सध्या बसत नाही. फुप्फुसातलं प्रेशर जास्त आहे आणि खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) सुरू आहे. सहा महिन्यांनी या.’ खर्रा त्यांनी दिवसाला सहावरून एकावर आणलाय. ज्याचे सहा महिने निघतील की नाही ठाऊक नाही, त्याला ही शिक्षा कशाला?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कारणं आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. आधी प्रेशरचं घेते, कारण ते तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही.

हृदयाची डावी बाजू थकली की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. तिथल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो. उजव्या बाजूला त्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं रक्त ढकलावं लागतं आणि ढकलून ढकलून ती जाड होते, पहिलवान होते. तुमच्या मिस्टरांचं हृदय आजारी असलं तरी त्याच्या उजव्या बाजूला ही तालीम झालेली आहे. नवं हृदय मात्र धडधाकट माणसाचं येतं. त्याच्या उजव्या कप्प्याने असला दाब कधी पाहिलेलाच नसतो. काटोल-नरखेडकडचे पेशंट आले की मी त्यांना विहिरीचं उदाहरण द्यायची. पाइपलाइन क्षाराने निम्मी बुजली आहे, जुनी मोटर कुरकुरत का होईना पाणी चढवते आहे. तुम्ही दुकानातून नवी मोटर आणली आणि त्याच लाइनला जोडली, तर ती त्याच दिवशी जळणार. दोष मोटरचा नाही. ऑपरेशन टेबलवर हे घडलं तर पेशंट तर जातोच, आणि ते हृदयही जातं, जे दुसऱ्या कुणाला जगवू शकलं असतं.

हा दाब इकोवर अंदाजाने कळतो. समिती त्या अंदाजावर जात नाही. त्यासाठी उजव्या बाजूची कॅथ करतात, म्हणजे मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून नळी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन प्रत्यक्ष मोजमाप घेतात. धमनीतला वरचा दाब ५० किंवा त्याहून जास्त आणि रक्तवाहिन्यांचा विरोध ३ वुड युनिटच्या पुढे, अशी जोडी दिसली की नळी आत असतानाच रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन पाहतात. आकडा उतरला, तर पाइपमध्ये नुसता गाळ आहे, पाइप कुजलेला नाही. नाही उतरला, तरी तिथे गोष्ट संपत नाही. काही दिवस शिरेतून औषधं देतात, पाणी काढतात, काही जणांना डाव्या कप्प्याला मदत करणारा यांत्रिक पंप बसवतात आणि पुन्हा कॅथ करतात. पंपावर काही महिने गेले की हट्टी दाबसुद्धा उतरतो, असं अनेकांच्या बाबतीत दिसलंय. पंपाची किंमत ऐकून मात्र तुम्हाला घाम फुटेल, ते आधीच सांगून ठेवते.

तेव्हा पुढच्या भेटीत एवढं विचारा : ‘औषध देऊन दाब उतरला होता का? किती उतरला? पुन्हा कॅथ कधी?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. ‘बसत नाही’ हा शब्द तोंडी मिळतो, म्हणून तो इतका भीती घालतो.

आता खर्रा.

माझ्या खुर्चीसमोर बसून किती जणांनी मला सांगितलं असेल, ‘ताई, सोडला मी, आईची शप्पथ.’ एकदा एक भाऊ असंच सांगत होता आणि सांगता सांगता रुमाल काढायला खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर पन्नी बाहेर आली. घोटलेली, ताजी. त्याची बायको रडायला लागली, तो हसायला लागला, आणि मी फाइल बंद करून चहा मागवला. तो खोटारडा नव्हता हो. सकाळी डोळे उघडले की पहिली पुडी, मग संडास, मग चहा, मग कामावर दुसरी, असं ज्याचं वीस वर्षं चाललंय, त्याच्या ‘सोडला’मध्ये आणि आपल्या ‘सोडला’मध्ये फरक असतो. तो म्हणाला ते अजून आठवतं : ‘ताई, मी सोडूनच राहिलो ना. सुटूनच नाही राहिला.’

तुम्ही शिक्षा म्हणता. समितीत एका सर्जनने एकदा खरंच तसा सूर लावला होता, ‘स्वतःच्या हाताने करून घेतलंय’. आमच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. पेशंटने काय पाप केलं हे त्या खोलीत मोजायचं नसतं. पुढे काय होईल ते मोजायचं असतं. आणि पुढचं हे आहे. प्रत्यारोपणानंतर शरीराने नव्या हृदयाला परकं समजून हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. ती शक्ती दाबली की जंतूंचं फावतं आणि कॅन्सरचंही फावतं. खर्ऱ्यात तंबाखू आहे, सुपारी आहे, चुना आहे. तोंडाच्या कॅन्सरला एवढं पुरे. वर नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू आतून जाड होत जाण्याचा धोका सगळ्याच पेशंटना असतो, तंबाखू त्याला हातभार लावते. शिवाय सुपारीने ज्यांचा जबडा आखडलाय, ज्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत, त्यांना भूल देताना श्वासनळीत नळी घालणं हेच मोठं संकट होऊन बसतं. आमचे भूलतज्ज्ञ पेशंटला पहिलं वाक्य हेच म्हणायचे, ‘आ करा.’

बहुतेक केंद्रांत सहा महिने पूर्ण बंद अशी अट असते. एकावर आणलाय हे ऐकून मला खरंच बरं वाटलं, पण समितीच्या हिशेबात एक आणि सहा सारखेच. लघवीत कोटिनिन नावाचा पदार्थ तपासतात. तंबाखू ओढली काय, चघळली काय, तो दिसतोच, आणि तपासणी न सांगता होते. एक सूचना : सोडताना निकोटिनचं च्युइंगगम घेतलं तरी ही तपासणी पॉझिटिव्ह येते, म्हणून गम सुरू असेल तर टीमला आधी सांगा, नाहीतर फुकटचा संशय. मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे नागपुरातल्या सरकारी हॉस्पिटलांच्या, मानसोपचार ओपीडीत जाऊन मदत घ्या, किंवा १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे पैसे लागत नाहीत. आणि सोडल्याची तारीख डॉक्टरांच्या कागदावर नोंदवून घ्या. तुमचे सहा महिने त्या तारखेपासून मोजले जातात, तुम्ही पुढच्या वेळी दाखवायला जाल त्या दिवसापासून नाही. हे न कळल्यामुळे लोकांचे दोन-दोन महिने वाया गेलेले मी पाहिलेत.

सहा महिने निघतील का, हा तुमचा खरा प्रश्न. याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण ‘सहा महिन्यांनी या’ याचा अर्थ सहा महिने घरी बसा असा नाही. एका वर्षात चार ॲडमिशन ही धोक्याची घंटा आहे. दर पंधरा दिवसांनी वजन, लघवीच्या गोळ्यांचा हिशेब, रक्तदाब खाली जातोय का, किडनीचा रिपोर्ट, हे हार्ट फेल्युअर बघणाऱ्या डॉक्टरकडे सुरूच ठेवा. प्रकृती घसरली, शिरेतल्या औषधांशिवाय रक्तदाब टिकेनासा झाला, तर समिती मधेच पुन्हा बसते. आमची बैठक गुरुवारी दुपारी असायची, पण रविवारी रात्री फोनवर फाइल उघडलेली मला माहीत आहे.

निवृत्त शिक्षक, महाल : माझ्या इको रिपोर्टमध्ये हृदयाचं पंपिंग २५ टक्के आलं आहे. मुलगा पुण्याहून फोन करतो, ‘बाबा, लगेच ट्रान्सप्लांटला नाव लावा, नंबर यायला वेळ लागतो.’ मी रोज सकाळी अंबाझरीला अडीच-तीन किलोमीटर चालतो. काय करू?

उत्तर : गुरुजी, चाला.

पंपिंगच्या एका आकड्यावर कुणी यादीत जात नाही. २५ टक्क्यांवर फिरायला जाणारी माणसं असतात आणि ३० टक्क्यांवर आंघोळीला धाप लागणारी असतात. समिती आधी हे बघते की औषधांचे सगळे उपाय पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस करून झालेत का. आज या आजारावर चार प्रकारच्या गोळ्या एकत्र देतात. त्यांतली एक मुळात मधुमेहाची म्हणून आली, त्यामुळे ‘मला साखर नाही, ही कशाला’ म्हणून लोक परस्पर बंद करतात. तुम्ही करू नका. काहींना खास प्रकारचा पेसमेकर लागतो. या सगळ्याने काही हृदयं चक्क सावरतात. बाळंतपणाच्या आसपास हृदय अचानक थकलेल्या एका मुलीची फाइल आमच्याकडे घाईघाईने आली होती. औषधांवर ती इतकी सुधारली की तिचं नाव कधी यादीवर चढलंच नाही. आता तिचा मुलगा शाळेत जातो.

हे सगळं करूनही माणूस घरातल्या घरात दमत असेल, तर तोंडाला मास्क लावून सायकलवर किंवा ट्रेडमिलवर चालवतात आणि शरीर मिनिटाला किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. बीटा ब्लॉकर सुरू असताना तो आकडा १२ किंवा खाली, ती गोळी सोसत नसेल तर १४ किंवा खाली आला, की प्रत्यारोपणाचा विचार करण्याजोगी वेळ आली असं धरतात. ही सोय सगळीकडे नाही. मग कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात. तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुम्ही त्या कॉरिडॉरमध्ये आमच्या टेक्निशियनला मागे टाकाल.

मुलाला सांगा, ही लग्नाच्या हॉलची बुकिंग नाही. लवकर नाव लावून जागा अडवून ठेवता येत नाही. प्रत्यारोपणाचा स्वतःचा धोका आहे आणि तुमच्या आजच्या प्रकृतीपेक्षा तो मोठा आहे. हृदयतज्ज्ञांना मात्र भेटत राहा, आणि चालण्याचं अंतर आपोआप कमी होऊ लागलं तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

एक वाचक, रविनगर : मी ५१ वर्षांची, अविवाहित, बँकेत नोकरी. आईबाबा गेले. भाऊ कॅनडात. सगळे रिपोर्ट ठीक आहेत, पण सोशल वर्करने विचारलं, ‘घरी कोण आहे?’ मी म्हटलं, ‘मी.’ त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. नवरा-मुलं नाहीत म्हणून मला हृदय मिळणार नाही का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ‘काहीतरी लिहून घेणारी’ ती बाई एकेकाळी मीच होते.

अजनीकडचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. बायको वारलेली, एक मुलगा पुण्यात, एक दुबईत. मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, स्टोव्ह, भिंतीवर बायकोचा फोटो. मी अहवालात लिहिलं, ‘कौटुंबिक आधार कमकुवत.’ तीन शब्द. समितीने निर्णय पुढे ढकलला. दुसऱ्या आठवड्यात ते गृहस्थ आले ते चार जणांना घेऊन. सगळे त्यांचे कॅरमचे भिडू. त्यातल्या एकाने, जो आयुष्यभर गाड्यांचं वेळापत्रक लावत आला होता, वहीचं पान काढलं. सोमवार-गुरुवार कोण झोपायला येणार, डबा कुणाकडून, हॉस्पिटलला कुणाची गाडी, गोळ्यांची वेळ कोण बघणार, आणि तो आजारी पडला तर बदली कोण. मला म्हणाला, ‘मॅडम, यात कमकुवत काय आहे ते दाखवा, दुरुस्त करतो.’ मी अहवाल बदलला. त्यानंतर ‘घरी कोण आहे’ हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. ‘रात्री दोनला फोन केला तर कोण येईल’ असं विचारायला लागले. त्याची उत्तरं फार वेगळी येतात. भरल्या घरातली माणसंही कधीकधी गप्प होतात.

त्यांचं नाव यादीवर गेलं. रक्तगट ओ होता. ओ गटाला ओ गटाचंच हृदय चालतं, त्यामुळे वाट लांबते. ते वाट बघतच गेले. ते पान मात्र माझ्याकडे अजून आहे.

आधार कशाला हवा, ते सांगते. मग तुम्हाला स्वतःची मांडणी करता येईल. छातीचं हाड जुळेपर्यंत साधारण दीड-दोन महिने गाडी चालवायची नाही, वजन उचलायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून. शरीर नव्या हृदयाला नाकारतंय का हे बघायला मानेच्या शिरेतून हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. सुरुवातीला हे दर आठवड्याला, मग हळूहळू अंतर वाढतं. साधा ताप आला तरी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं एकट्या माणसाला पहिले काही महिने झेपत नाही, आणि मुख्य म्हणजे तब्येत बिघडली हे स्वतःला उशिरा कळतं. म्हणून कुणीतरी हवं. ते नात्यातलंच हवं असं नाही.

दोन-तीन नावं ठरवा. मैत्रीण, शेजारीण, मावसबहीण. त्यांना घेऊन सोशल वर्करकडे जा. कॅनडातल्या भावाला पहिला महिना येता येईल का, तेही लेखी घ्या. बँकेची रजा, मेडिक्लेम, गोळ्यांचा दरमहाचा खर्च, यांचा कागद बरोबर ठेवा. पैशाची विचारपूसही याच मुलाखतीत होते, कारण पहिल्या वर्षानंतर पैसे संपले म्हणून गोळ्या थांबवलेल्या पेशंटचं हृदय जातं. हाताशी मुख्यमंत्री सहायता निधीसारखे मार्ग असतात, पण त्यांची कागदपत्रं ऑपरेशनच्या आधी लागतात.

आणि त्यांनी काय लिहून घेतलं ते विचारा. तुमचा तो हक्क आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी त्या दिवशीच अहवाल बदलला असता.

विद्यार्थी, इतवारी : नागपुरात कुणी अवयवदान केलं की किडनी-लिव्हर इथे लावतात आणि हृदय विमानाने मुंबईला, चेन्नईला जातं. रस्ते मोकळे करून आपणच टाळ्या वाजवतो. विदर्भातल्या पेशंटवर हा अन्याय नाही का?

उत्तर : तुमचा राग मी समजू शकते, वर्धा रोडवरून ती रुग्णवाहिका विमानतळाकडे जाताना मीही बघितली आहे आणि माझ्याही मनात हेच आलं होतं. पण हृदय वाट बघत नाही. बाहेर काढल्यापासून नव्या छातीत धडधडेपर्यंत साधारण चार तास. किडनीला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मिळतो. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशा चार विभागीय समन्वय केंद्रांमार्फत वाटप होतं. आधी इथल्या यादीवर जुळणारं कुणी आहे का बघतात, नसेल तर राज्यात, मग बाहेर. जुळणं म्हणजे रक्तगट आणि अंगकाठी. ५० किलोच्या बाईचं हृदय ९० किलोच्या माणसाला पुरत नाही. शिवाय काहींच्या रक्तात आधीच्या रक्त चढवण्यामुळे किंवा बाळंतपणांमुळे परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. त्यांना दहातली आठ हृदयं चालतच नाहीत, असंही होतं.

यादीच लहान असेल तर त्या दिवशी येणाऱ्या हृदयाला जुळणारं कुणी इथे नसतं. आणि यादी लहान का? गडचिरोलीच्या, यवतमाळच्या पेशंटला हृदय निकामी झालंय हे कळतं तेव्हा किडनी गेलेली असते, वजन पंधरा किलोंनी उतरलेलं असतं, अंगावर मांस उरलेलं नसतं. इतका खंगलेला माणूस ऑपरेशन सोसत नाही. ‘फार लवकर’ आणि ‘फार उशीर’ यांच्यामधली ती एक फट आहे, आणि आपले पेशंट तिच्या पलीकडच्या टोकाला पोचतात. मला विचाराल तर अन्याय झालाच असेल तर तो विमानतळाच्या खूप आधी झालाय, जिथे दम लागलेल्या माणसाला वर्षभर दम्याचा पंप ओढायला लावतात तिथे.

एक मुलगा, काटोल : वडील ६८ वर्षांचे, पंधरा वर्षांपासून शुगर. नाव लागेल का? कुणाची ओळख लावून नंबर वर घेता येतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. आणि ‘घेता येतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो चोर आहे.

वयाचं म्हणाल तर ६५ च्या वरच्यांनी नोंदणी करू नये ही जुनी अट केंद्राने २०२३ साली काढून टाकली. ७० पर्यंत विचार होतो, त्यापुढे अगदी निवडक लोकांचा. पण वडिलांच्या बाबतीत वयापेक्षा शुगरने काय केलंय ते बघतील. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेसात टक्क्यांच्या वर अडून राहिलीय का, डोळ्यांचा पडदा, पायाच्या नसा, आणि मुख्य म्हणजे किडनी. किडनीचा गाळण्याचा वेग ३० च्या खाली असेल तर नुसत्या हृदयाला बहुतेक ठिकाणी नको म्हणतील, कारण नंतरच्या गोळ्याच किडनीला जड असतात. हे रिपोर्ट घेऊन एकदा भेटा. ‘नाही’ आलं, तर त्याच भेटीत विचारा की त्रास कमी करण्यासाठी आणखी काय करता येईल. तोही इलाजच आहे, आणि तो मागायला लोक लाजतात.

एक वाचक, नंदनवन : हृदय बदलायचंय तर माझ्या बहिणीला दातांच्या डॉक्टरकडे, बायकांच्या डॉक्टरकडे, टीबीच्या तपासणीला कशाला पाठवतात? बिल वाढवायला?

उत्तर : १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण केलं. पेशंट अठरा दिवस जगला. हृदय चांगलं चालत होतं, तो न्यूमोनियाने गेला. दोनच महिन्यांनी मुंबईत केईएमला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रयत्न केला, तो पेशंट काही तासांतच गेला. आपल्याकडे ते यशस्वी झालं १९९४ च्या ३ ऑगस्टला, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. या सगळ्या वर्षांत शस्त्रक्रियेइतकंच शिकायला लागलं ते जंतूंबद्दल. किडलेल्या दाढेखालचा पू आज बहिणीला नुसता ठणकतो. गोळ्या सुरू झाल्यावर तोच रक्तात उतरून जीव घेऊ शकतो. फुप्फुसात झोपलेला टीबी तसाच उठतो. आणि लपलेली गाठ असेल तर ती गोळ्यांच्या आधी सापडायला हवी. जुना कॅन्सर झालेला असला म्हणजे दार बंद असंही नाही. कोणता होता, किती वर्षं झाली, यावर कॅन्सरतज्ज्ञांचं मत घेतात. बहिणीच्या लसीही आत्ताच उरकून घ्या. काही लसी नंतर देताच येत नाहीत.

एक संत्रा बागायतदार, वरूड : धाकट्या भावाचं नाव यादीवर लागलंय. आमच्याकडे आंबिया बहार सुरू आहे. ऑपरेशननंतर त्याला संत्री खाता येतील का? तो सारखं हेच विचारून राहिला.

उत्तर : विचारणारा माणूस जगायच्या तयारीत आहे, हे मी समितीत आवर्जून सांगितलं असतं.

पपनस आणि ग्रेपफ्रूट कायमचं बंद. त्यांच्यामुळे टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी मुख्य गोळी रक्तात भलतीच वाढते आणि किडनीला मार बसतो. बांधावर पपनसाचं झाड असेल तर फळं शेजाऱ्यांना द्या. आपल्या साध्या गोड संत्र्याला सहसा मनाई नसते, पण त्याच गोळीने पोटॅशियमही वाढतं आणि संत्र्यात पोटॅशियम असतं, तेव्हा दिवसाला किती हे आहारतज्ज्ञांना रक्ताच्या रिपोर्टनुसार ठरवू द्या. सोलण्याआधी फळ धुवायचं, तुमच्याच बागेतलं असलं तरी. रस्त्यावरच्या गाडीवरचा रस नको. आणि पहिल्या वर्षी तोडणीच्या वेळी त्याला बागेत, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात कामाला लावू नका. त्या मातीतली बुरशी त्याच्या फुप्फुसाला नको आहे. त्याला ओसरीवर खुर्ची टाकून द्या आणि पेट्या मोजायला सांगा.